आज्ञापटल
आज्ञापटल : संगणकास लेखी आज्ञा देण्याचा पडदा. एमएस-डॉस (१९८१) प्रणालीत आज्ञांची मालिका ‘बॅच’ फाइलीत साठवून चालविता येई. तीतील ‘मोड’ आज्ञेने स्तंभसंख्या, तर ३.३ आवृत्तीपासून (१९८७) ‘सीएचसीपी’ आज्ञेने संकेतपृष्ठ बदलता येऊ लागले. त्या संकेतपृष्ठांत देवनागरी नव्हती. ही उणीव पुण्याच्या सी-डॅक (स्थापना १९८८) संस्थेच्या जिस्ट कार्डाने भरून काढली. ते यंत्रात बसविल्यावर नेहमीच्या आज्ञावलीही भारतीय लिपी दाखवू लागल्या. इस्की हा संकेत १९९१ मध्ये प्रमाणित झाला. पुढे विंडोजमध्ये संकेतपृष्ठ ६५००१ निवडून यूटीएफ-८ लागू करता येऊ लागले. जोडाक्षरांची मांडणी मात्र टंकावर व पटलाच्या क्षमतेवर अवलंबून असते. ‘सेटलोकल’ आज्ञेने संकेतपृष्ठ पूर्ववत होत नाही. म्हणून मूळ क्रमांक आधी नोंदवून शेवटी पुन्हा लावणे इष्ट ठरते.