ट्रेलर, डॉक्टर शर्मन आणि उलाळ गाडी

शाळेत ३६ वर्षं इतिहास शिकवला. १९२९ साल आलं की फळ्यावर लिहायचो, ‘अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला, जागतिक महामंदीस प्रारंभ.’ दोन गुणांचा प्रश्न. त्या पडझडीनंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी १९३० मध्ये, डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात एक गृहस्थ चाकांवरचं छोटं घर मांडून उभे होते, हे मला वयाच्या ७४व्या वर्षी कळलं. तेही स्वतःची चांगली फजिती झाल्यावर.

ही हकिकत लिहायची मी बरेच दिवस टाळत होतो. आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे जण हा ब्लॉग वाचतात, आणि यातली मुख्य चूक माझी आहे. पण सौ. म्हणाली, "लोकांच्या चुका ३६ वर्षं तपासल्यात, आता स्वतःची तपासा." तर ऐका.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे शिकागोजवळ होतो. मुलाच्या ओळखीच्या एकानं आपला ट्रेलर शनिवार-रविवारसाठी देऊ केला. ट्रेलर म्हणजे आपल्याकडे उसाला लावतात तो नव्हे. मोटारीच्या मागे जोडायची १८ फुटी खोली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं. मागच्या भिंतीला आडवे दोन बाक, एकावर एक, नातवंडांसाठी. जायचं होतं मिशिगन राज्यातल्या वॉरन ड्यून्स नावाच्या उद्यानात. तिथं मिशिगन सरोवराच्या काठाला वाळूचे डोंगर आहेत. सरोवर म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी मुलानं सामान भरलं. पाण्याचे दोन मोठे कॅन, बर्फाची पेटी, तांदूळ, कुकर, लोखंडी तवा, मिक्सर (हो, सौ.नं मिक्सर घेतला होता) हे सगळं त्यानं पुढच्या बाजूच्या कप्प्यात कोंबलं. कप्पा गुडघ्याच्या उंचीवर. सौ.चे गुडघे तसे नव्हेत. मला वाटलं, तिला दर वेळी वाकावं लागेल. मुलगा आंघोळीला गेला तेवढ्यात मी आणि नातवानं मिळून सगळं उचललं आणि मागच्या खालच्या बाकावर नीट लावून ठेवलं. वर चादर घातली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

इंडियाना ओलांडून मिशिगनमध्ये शिरलो आणि एक भला मोठा मालट्रक आमच्या शेजारून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा झोत बसला आणि ट्रेलरचं बूड डावीकडे सरकलं. मग उजवीकडे. मग अधिक जोरात डावीकडे. शेपटी कुत्र्याला हलवते म्हणतात तसं ते ट्रेलर आमच्या गाडीला हलवू लागलं. नात ओरडली. सौ.नं माझा दंड धरला तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होते. मुलानं ब्रेकवर पाय ठेवला नाही. पेट्रोलवरचा पाय काढला, सुकाणू सरळ धरलं आणि गाडीच्या खालच्या बाजूला बसवलेली एक कळ बोटानं दाबली. त्या कळीनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कोणी शेपूट धरून ओढावं तसं झालं आणि गाडी सरळ झाली. सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा असेल.

पुढच्या फाट्याला गाडी थांबवून मुलगा खाली उतरला आणि चाकं बघत फिरला. परत आला तेव्हा म्हणाला, "बाबा, माझाच वेग जास्त होता. चुकलं माझं."

मी काही बोललो नाही.

मंडळी, माझं लहानपण सांगली जिल्ह्यातलं. चुलते बैलगाडीतून गुऱ्हाळाला ऊस न्यायचे. गाडी भरताना मी मोळ्या मागे मागे ठेवत असे, कारण मागून चढवायला सोपं. ते ओरडायचे, "गाडी उलाळ करतोस व्हय रे?" ओझं चाकाच्या आसाच्या मागे जास्त झालं की पुढचं टोक वर उचलतं, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गळ्याला फास बसतो. त्याला उलाळ म्हणायचं. ओझं आसाच्या थोडं पुढेच हवं, म्हणजे जू मानेवर बसून राहतं. हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं. शिकागोच्या अंगणात मात्र आठवलं नाही. बैल ताशी तीन मैल चालतो, त्यामुळे उलाळ झाल्याचं जागच्या जागी कळतं. मोटार ताशी ६० मैलांनी जाते. तिथं ते फार उशिरा कळतं.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा भार गाडीच्या हुकावर यायला हवा, हा तिथला नियम. मुलानं तसंच भरलं होतं. मी पाऊणशे किलो पुढून उचलून थेट शेपटाला नेलं होतं.

उद्यानात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आता ट्रेलर उलटा नेऊन आपल्या जागेत बसवायचा. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बघत होते. तिथं म्हणे संध्याकाळची करमणूक हीच असते. सुकाणू उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. सूनबाई मागे उभी राहून हात करत होती, मुलगा आरशात बघत होता, आणि दोघांत जी भाषा चालली होती ती इथं देत नाही. शेवटी शेजारच्या तंबूतले एक आजोबा उठून आले. त्यांनी मुलाला सांगितलं, "हात सुकाणूच्या खालच्या बाजूला धर. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जाईल." दोन खेपांत ट्रेलर जागेवर. इतकं सोपं वाक्य सांगणारा शिक्षक मी फार कमी पाहिला.

मग एअरकंडिशनर चालू असताना मिक्सर आणि पाण्याची किटली एकदम लावल्यानं वीज गेली. रात्री वादळ झालं. बाहेरचं कापडी छत गुंडाळायचं राहिलं होतं. त्यात पाण्याचा हौद साठला आणि पहाटे दोन वाजता एक दांडा मोडून सगळं पाणी धाडकन् खाली. मालकाला भरपाई द्यावी लागली. मी जागाच होतो. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मला मुलाचं "चुकलं माझं" ऐकू येत होतं.

सकाळी तो चहा करत असताना सांगितलं. सामान मी हलवलं म्हणून. त्यानं गॅस बारीक केला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मी रात्रभर विचार करत होतो की मुलांना घेऊन परत गाडी चालवायची की नाही." एवढंच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आता डॉक्टर शर्मन.

परतताना आम्ही वाट वाकडी करून इंडियानातल्या एल्कहार्ट गावी गेलो. या गावाला चाकांवरच्या घरांची जागतिक राजधानी म्हणतात आणि तिथं या घरांचं मोठं संग्रहालय आहे. १९१३ सालचा एक ट्रेलर तिथं आहे, फोर्डच्या ‘मॉडेल टी’मागे ओढायचा. आपल्या टपरीएवढा असेल. १९३१ सालची एक फिरती खोलीही आहे. सिनेमा कंपनीनं ती मे वेस्ट या नटीसाठी बनवून घेतली होती. तिथं मुलाशी बोलत फिरताना आणि घरी आल्यावर वाचताना शर्मन सापडले.

आर्थर शर्मन हे डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ, एका औषध कंपनीचे अध्यक्ष. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहलीसाठी तंबूचा ट्रेलर विकत घेतला. काही मिनिटांत उघडतो आणि पाऊस आत येत नाही, अशी त्याची जाहिरात. बायकामुलांना घेऊन गेले. वादळी पाऊस आला. तंबू काही उघडेना. सगळं कुटुंब चिंब भिजलं.

माझ्यासारखा माणूस घरी येऊन जाहिरातदाराला शिव्या देत बसला असता. शर्मननी आपल्या मनासारखं एक बनवून घेतलं. कापड नाही, उभ्या पक्क्या भिंती, लाकडाच्या लगद्याच्या दाबून केलेल्या फळ्यांच्या. रुंदी सहा फूट, लांबी नऊ फूट, उंची मोटारीएवढीच. मध्ये चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना कपाटं, बर्फाची पेटी, शेगडी. नाव ठेवलं ‘कव्हर्ड वॅगन’. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या कापडी छपराच्या गाड्यांचं हे नाव. त्या गाड्या बहुतेक बैलच ओढत. म्हणजे त्यांना उलाळ माहीत असणार, शब्द वेगळा असला तरी.

प्रदर्शनात फारसं कोणी घेतलं नाही. वर्ष संपेपर्यंत मात्र ११८ गेले. बँका बुडत होत्या त्या वर्षात! १९३६ पर्यंत शर्मन यांची कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर बनवणारी कंपनी झाली होती. रॉजर बॅबसन नावाच्या अर्थतज्ज्ञानं तर भाकीत केलं की वीस वर्षांत अर्धी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. तसं झालं नाही. पण मंदीत घर गमावलेले अनेक जण खरोखरच ट्रेलरमध्ये राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांजवळ कामगारांना ठेवायला सरकारनंही ट्रेलर वापरले. सहलीची वस्तू आणि बेघराचं घर, दोन्ही एकाच साच्यातून निघालं. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांचा अख्खा संसार बैलगाडीवर असायचा, पलीकडे मंडळी त्याच गाडीतून हौसेनं जत्रेला जायची. गाडी तीच.

हौसेचा पहिला मान मात्र ब्रिटिशांचा. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरनं ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी बनवून घेतली. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. त्यात बसून स्वारी स्कॉटलंडपर्यंत गेली. पुढे एक नोकर तीनचाकी सायकलवरून रस्ता बघत जायचा. अशी सोय असल्यावर कोणाची सहल बिघडेल?

एल्कहार्टचं मात्र मन हलवणारं आहे. गावाचं पोट या एका धंद्यावर. आसपासचे अमिश लोक, जे स्वतः घोडागाडीतून फिरतात, ते या कारखान्यांत इतरांसाठी फिरती घरं बनवतात. २००८ ची मंदी आली आणि मार्च २००९ मध्ये इथली बेकारी २० टक्क्यांच्या जवळ गेली. राष्ट्राध्यक्ष ओबामा पद घेतल्यावर महिन्याच्या आत इथं येऊन गेले. मग करोना आला, विमानं थांबली, हॉटेलांची भीती वाटू लागली आणि २०२१ मध्ये या धंद्यातून देशभरात सहा लाख गाड्या बाहेर पडल्या. जगाला चैन परवडेनाशी झाली की एल्कहार्ट उपाशी, जगाला घरात कोंडलं की एल्कहार्टला ओव्हरटाइम. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘एकाच उद्योगावर अवलंबून असलेले नगर’ म्हणतात.

संग्रहालयाच्या आवारात परत गाडीत बसण्याआधी मुलगा मागचं दार उघडून म्हणाला, "बाबा, भरा तुम्हीच." तवा, कुकर, पाण्याचे कॅन पुन्हा पुढच्या कप्प्यात गेले होते, तरी त्यानं मला एकेक दाखवायला लावलं. मी आसावर हात ठेवून नातवाला समजावलं, इथून पुढे जड, इथून मागे हलकं. नातू म्हणाला, "आणि मागे जड झालं तर?"

मुलगा हुक तपासत खाली वाकलेला होता. तिथूनच म्हणाला, "उलाळ." हा शब्द त्याला मी कधी शिकवल्याचं मला आठवत नाही. चुलत्यांकडे सुटीत जायचा, तिथं ऐकला असेल.

मिक्सर सौ.नं घरी येईपर्यंत मांडीवर धरला होता.