तिसरा रकाना

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून फिजीच्या लेवुका बंदरात पोहोचलं. ऊसमळ्यांसाठी पाच वर्षांच्या गिरमिटावर, म्हणजे करारावर, बांधलेले पहिले हिंदी मजूर त्यात होते. त्याच वर्षी इटलीत एन्रिको मोर्सेली या मनोविकारतज्ज्ञाचा आत्महत्येवरचा ग्रंथ निघाला. युरोपातल्या सरकारी नोंदी जमवून त्याने देशोदेशींचे दर ताडून पाहिले होते. पुढे १८९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने सांगितलं की प्रत्येक समाजाचा आपला असा एक दर असतो आणि त्याची कारणं समाजाच्या बांधणीत शोधावी लागतात. मग ज्याचा समाजच समुद्रापलीकडे राहिला, त्याचं काय? या प्रश्नाचं उत्तर तेव्हा ऊसमळ्यांच्या दप्तरांत साठत होतं.

ते दप्तर हिंदुस्थानात चर्चेला आणणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. मार्च १९१२ मध्ये त्यांनी कायदे कौन्सिलात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. त्या भाषणात मजुरांच्या आत्महत्यांचा मुद्दा होता: हे जिणं जगण्यापेक्षा निरपराध माणसं स्वतःच्या हातांनी मरण पत्करतात, याहून मोठा पुरावा कोणता हवा? सरकारी मतांच्या बळावर ठराव पडला.

पुढच्याच वर्षी सरकारने जेम्स मॅकनील आणि चिमनलाल या दोघांना वसाहतींच्या पाहणीला धाडलं. त्यांचा अहवाल एकंदरीत पद्धतीच्या बाजूनेच झुकला. पण त्यात आत्महत्यांचे आकडे होते. मजूर जिथून जात, त्या मद्रास इलाख्यात आणि संयुक्त प्रांतात दर दहा लाखांमागे अनुक्रमे ४५ आणि ६३. फिजीतल्या गिरमिटी मजुरांत ९२६. आणि फिजीतच राहणाऱ्या, पण गिरमिटातून सुटलेल्या हिंदी लोकांत १४७.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा आकडा. मायदेशाचा आणि गिरमिटी मजुरांचा, असे पहिले दोन रकानेच असते तर कोणीही म्हणालं असतं की परमुलुख मानवला नाही, घरची आठवण असह्य झाली. पण या तिसऱ्या रकान्यातली बहुतेक माणसंही तोच समुद्र ओलांडून आली होती. त्यांचंही गाव सुटलं होतं, जातगोत मागे राहिलं होतं, भोवती तोच ऊस होता. फरक होता तो मुख्यतः कराराचा: ठरवून दिलेलं काम, ते पुरं झालं नाही तर कापला जाणारा पगार, कामावर न गेल्यास खटला आणि कैद. स्थलांतराचं ओझं होतंच, घरच्या दराच्या दुपटीतिपटीएवढं. त्यावर जे चढलं ते कायद्याने चढवलेलं होतं.

मळेवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी मात्र दोष बायकांवर टाकला. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका, एवढाच भरतीचा नियम. म्हणून मत्सर, म्हणून मरण, असं त्यांचं गणित. नियम सरकारचा आणि बदनामी बाईची, हे आजही वाचताना संताप येतो. सी. एफ. अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन यांनी १९१५ मध्ये फिजीला जाऊन संपूर्ण पद्धतीलाच जबाबदार धरलं. पुढे एका गिरमिटियाचा नातू असलेल्या ब्रिज लाल या इतिहासकाराने १९८५ मध्ये मृत्यूच्या नोंदी तपासून मत्सराची ही सबब खोडून काढली. फिजीतली उरलेली गिरमिटं त्याच्या कितीतरी आधी, १ जानेवारी १९२० रोजी, रद्द झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच तुलना दवाखान्यांत आणि विद्यापीठांत शिरली. १९६८ मध्ये पीटर सेन्सबरी आणि ब्रायन बॅरॅक्लो यांनी दाखवलं की अमेरिकेत आलेल्या परदेशी गटांचे दर लावले तर त्यांचा क्रम बराचसा मायदेशांच्या दरांच्या क्रमाशी जुळतो. म्हणजे माणूस गावाकडचं काहीतरी बरोबर नेतो. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने आणखी एक गाठ उकलली: भारतीय उपखंडातून आलेल्या पुरुषांत आत्महत्या तिथल्या सरासरीहून कमी, तरुण स्त्रियांत मात्र जास्त. ‘स्थलांतरितांचा दर’ असा एकच आकडा सांगितला असता तर त्या स्त्रिया त्याखाली दडून गेल्या असत्या.

मळ्यांची वाटही संपलेली नव्हती. १८७३ पासून सुरीनामला गेलेल्या हिंदी मजुरांचे अनेक वंशज शंभर वर्षांनी नेदरलँड्सला गेले. हेगमध्ये त्यांच्यातल्या तरुण मुलींत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण डच मुलींपेक्षा जास्त आढळलं. गयानाचा दर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालात जगात सर्वाधिक होता, लाखामागे ४४.२, आणि तिथे हिंदी वंशाच्या लोकांना त्याची झळ अधिक बसते. हे रक्तातच असतं, असं म्हणण्याचा मोह इथे होतो. पण फिजीत गिरमिट सुटलेल्या माणसांचं रक्त बदललं नव्हतं, तरी त्यांचा दर गिरमिटी मजुरांच्या दराच्या एक षष्ठांशाहूनही कमी होता.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांचे तक्ते छापतो. त्यांत वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती असते, आणि रोजंदारीवरच्यांचा गट सर्वांत मोठा दिसतो. यातले किती जण बीडहून ऊसतोडीला गेलेले, किती बिहारहून मुंबईच्या बांधकामावर आलेले आणि किती आपल्याच गावात राबणारे, हे त्या तक्त्यांतून कळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत दगावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल लोकसभेत विचारलं गेलं, तेव्हा अशी माहिती ठेवलेली नाही, असं सरकारने उत्तर दिलं. मॅकनील आणि चिमनलाल यांनी एका परक्या सरकारसाठी जेवढं मोजलं, तेवढं तरी आपण आपल्या मजुरांसाठी मोजायला हवं: गावात राहिलेले, बाहेर पडलेले, आणि बाहेर पडूनही मुकादमाच्या उचलीत न अडकलेले.