पुण्यांतील वाडे आणि वास्तूचें आयुर्मान

इमारतीस किती ऊर्जा लागते हें केवळ दिव्यापंख्यांच्या विजेवरून ठरविण्याची रीत अपुरी आहे. विटा भाजणें, चुना अथवा सिमेंट करणें, सामान वाहणें, डागडुजी व अखेरची पाडापाड, हें सर्व हिशेबांत धरलें पाहिजे. या दृष्टीनें पुण्यांतील दोन वाड्यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० च्या जानेवारींत घातला गेला व १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये झाला. सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीहून आला. म्हणजे मुख्य साहित्य जवळच्याच टापूंतील होतें. १८२८ च्या आगींत आंतील लाकूडकाम जळालें, तट व दिल्ली दरवाजा मात्र उभे राहिले.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधिला. १८२१ मध्यें तेथें संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगींत कांहीं भाग जळाला. पुढें दुरुस्ती होऊन नगरपालिकेची कचेरीही तेथें नांदली. धनी पालटले, उपयोग पालटला, वास्तु तीच राहिली. एकदां केलेला खर्च दोनशें वर्षांवर वांटला गेला, हेंच खऱ्या काटकसरीचें मर्म होय.

चुनखडी सुमारें ९०० अंश सेल्सियस उष्णतेंत भाजते. सिमेंटच्या भट्टीस सुमारें १,४५० अंश लागतात. शिवाय चुना घट्ट होतांना भाजतेवेळीं सोडलेल्या कर्बवायूचा बराच अंश हवेंतून परत घेतो. तळखड्यावर खांब व खांबावर तुळई, असें सांधलेलें सागवान उकलून दुसऱ्या घरीं बसवितां येतें. चुन्यांतील वीट बहुधा अखंड निघते, सिमेंटांतील फुटते.

वाड्यांतील अंधार, वाळवी व आगीचें भय आम्ही विसरलों नाहीं. तेथें राहणारांचे हालही खरे आहेत. प्रत्येक वाडा राखावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु 'मयमत' या शिल्पग्रंथांत जीर्ण वास्तूच्या दुरुस्तीसाठीं 'अनुकर्मविधान' हा स्वतंत्र अध्याय आहे; म्हणजे पाडण्यापूर्वीं सुधारणेचा विचार करावा, हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें.

आमचें बालपण ज्या वाड्यांत गेलें, तो पाडला तेव्हां त्याचा एक नकाशाही कोणीं काढून ठेविला नाहीं. त्यांत आमचाही दोष आहे. यापुढें वाडा पाडावयाचाच असेल, तर निदान खणांचीं मापें, सांध्यांचीं टांचणें व निघालेल्या लाकडाची याद तरी अभ्यासकांनीं करून ठेवावी, एवढीच विनंती.