मिशनचा बरिटो, डेन्व्हरच्या साखळ्या

भात, घेवडा, मांस आणि साल्सा मैद्याच्या एकाच मोठ्या पोळीत भरण्याची पद्धत १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या टाकेरियांत, म्हणजे मेक्सिकन खाणावळींत, रुजली. त्याच शहरात स्वयंपाकी असलेल्या स्टीव्ह एल्स यांनी १९९३ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाजवळ चिपोत्ले हे बरिटोचे उपाहारगृह काढले. तिथे पोळी गरम करून मऊ करायची, गिऱ्हाईक बोट दाखवेल ते भरायचे, शेवटी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचे. ही रीत मुळात मिशनची, तिचे श्रेय टाकेरियांनाच द्यायला हवे. १९९५ मध्ये डेन्व्हरमध्येच कडोबा हे प्रतिस्पर्धी उपाहारगृह निघाले. वितळलेल्या चीजचा केसो ही त्याची खासियत. चिपोत्लेने तो २०१७ मध्ये आणला. १९९८ मध्ये चिपोत्लेत मॅकडोनाल्ड्सचे भांडवल आले, २००६ मध्ये ते बाहेर पडले. चवींचे वैविध्य कडोबाकडे अधिक, पण विस्तारात चिपोत्लेच कितीतरी पुढे गेले.