आधी ते आण, मग हे आण

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयाकडे वळतो. हा निवृत्त इतिहास-मास्तर संगणकाच्या वाटेला का गेला, असं नातेवाईक विचारतील. कारण साधं आहे. भाच्याने माझ्या संगणकावर लिनक्स घालून दिलं, त्याला बरीच वर्षं झाली. एखादं सॉफ्टवेअर हवं असलं की नाव शोधायचं, बटण दाबायचं आणि चहा होईपर्यंत ते तयार. तयार गोष्ट दिसली की ती कोणी तयार केली हे विचारायची खोड माझी जुनीच!

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लोकांसमोर ठेवला. तो सगळ्यांना खुला होता, पण वापरणं सोपं नव्हतं. पुष्कळसं सॉफ्टवेअर मूळ लिखाणाच्या, म्हणजे सोर्स कोडच्या रूपात मिळे आणि ते आपल्या यंत्रावर आपणच 'कंपाइल' करायचं. त्यात एखादी लायब्ररी कमी पडली की काम अडलं. ती शोधून आणावी, तर तिला आणखी तिसरंच काही हवं. लहानपणीच्या साखळीगोष्टीसारखा प्रकार... हा म्हणतो आधी ते आण, तो म्हणतो आधी हे आण! नवखा माणूस तिथेच हात टेकायचा.

इयान मरडॉक हा अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातला विशीचा विद्यार्थी. तेव्हाच्या एका तयार लिनक्स-संचातल्या चुकांना कंटाळून त्याने ऑगस्ट १९९३ मध्ये 'डेबियन' सुरू केलं. (डेब्रा ही त्याची मैत्रीण, तिच्या आणि स्वतःच्या नावातून हे नाव झालं.) पुढच्याच वर्षी डेबियनमध्ये 'डीपीकेजी' आलं. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरचं एक गाठोडं, म्हणजे पॅकेज. त्याला एक चिठ्ठी: माझं नाव हे, आवृत्ती ही आणि मला चालायला अमुक अमुक लागतं. कोणती फाइल कुठे ठेवली याचीही नोंद राही, म्हणून काढून टाकणंही सोपं झालं. १९९५ साली रेड हॅटने 'आरपीएम' नावाची अशीच पद्धत आणली.

तरी साखळी तुटली नाही. डीपीकेजी काय कमी आहे ते सांगून थांबायचं, आणायचं काम आपलंच. ते काम 'ॲप्ट'ने अंगावर घेतलं. मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ मध्ये ते अधिकृतपणे आलं. एक ओळ टाइप करा, मग ते सगळ्या चिठ्ठ्या वाचून पूर्ण साखळी शोधणार, एका भांडारातून सगळं उतरवणार आणि योग्य क्रमाने बसवणार. पुढे ब्राझीलच्या कोनेक्टिवा कंपनीत 'सिनॅप्टिक' तयार झालं आणि तीच ओळ माऊसने काम करणाऱ्यांच्या आटोक्यात आली. ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर 'उबुंटू' उभं राहिलं. त्याच्या सीडी तर २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टाने फुकट घरपोच येत! ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. म्हणजे एका जागी शोधा नि बसवा ही सोय डेबियनवाल्यांकडे त्याच्या नऊ वर्षं आधी होती. आपल्याकडे सीडॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे.

माझ्यातल्या मास्तराला यातली खरी गोष्ट वेगळीच वाटते. कष्ट नाहीसे झालेच नाहीत. आधी प्रत्येक नवखा तीच साखळी स्वतः सोडवत बसायचा. आता त्या त्या पॅकेजचा सांभाळ करणारा स्वयंसेवक ती एकदाच सोडवतो आणि चिठ्ठीत लिहून ठेवतो. बाकी सगळे त्यावर निर्धास्त. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये अशी चौसष्ट हजारांहून जास्त पॅकेजेस होती. एवढ्या चिठ्ठ्या कोणीतरी बसून लिहिल्या, तपासल्या, आणि तेही बहुतेक बिनपगारी.

"इतकं सोपं केलं तर लोक शिकणार कसे?" असं म्हणणारे जाणकार तिथेही होते आणि आहेत. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. माझं उत्तर एकच असे: पहिली पायरी कमरेएवढी ठेवली तर वरच्या मजल्यावर काय आहे ते पोराला दिसणार कधी? ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी ॲप्टच्या मागे सोर्स कोड अजूनही उघडाच आहे.

काम संपलेलं नाही. २०१४ साली खुद्द टोरवाल्ड्सनी डेबियनच्या परिषदेत तक्रार केली, की लिनक्सच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळं पॅकेज बांधणं हा छळ आहे. मग २०१६ पासून 'स्नॅप' आणि 'फ्लॅटपॅक' पुढे आले. हे आपला शिधा बराचसा बरोबर घेऊन फिरतात, म्हणून जागा जास्त खातात. शिवाय तीन पद्धतींतली कोणती घ्यावी हा नवाच घोळ नवख्यापुढे उभा राहिला.

मरडॉक डिसेंबर २०१५ मध्ये गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. पाठ्यपुस्तकात राजांची नावं येतात, वाटेवर पाणपोई घालणाऱ्यांची सहसा येत नाहीत. निदान आपल्या या छोट्याशा पानावर एक नाव नोंदवून ठेवावं, म्हणून हा खटाटोप. तुमच्यापैकी कोणी सुरुवातीच्या काळात ती साखळी स्वतः सोडवली असेल, तर खाली जरूर लिहा.