जुन्या ट्रॅक्टरवर पीटीओची अवजारे जोडताना आणि सोडवताना

हंगामात एकाच ट्रॅक्टरवर कधी रोटाव्हेटर, कधी मळणी यंत्र, तर कधी फवारणीचा ब्लोअर चढतो. नव्या ट्रॅक्टरवर हा बदल सहज होतो. अनेक वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरवर मात्र खाचा झिजलेल्या असतात, लॉक पिन गंजलेली असते, शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण कधीच निघून गेलेले असते. अपघात आणि गिअरबॉक्सचे मोठे खर्च बहुतेक याच वेळी उद्भवतात.

आधी इंजिन बंद

पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला आणला म्हणजे शाफ्ट थांबला असे समजू नये. जुन्या ट्रॅक्टरमध्ये लिव्हरची खाच झिजल्याने तो आपोआप गिअरमध्ये सरकू शकतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की पीटीओ थांबतो, म्हणून एकाने क्लच दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मागे शाफ्ट चढवायचा, अशी पद्धत काही ठिकाणी दिसते. ही पद्धत पूर्णपणे बंद करावी. पाय घसरला की मागच्या माणसाचा हात गेला.

इंजिन चालू ठेवण्याचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. बॅटरी उतरलेली असते, ट्रॅक्टर ढकलून चालू केलेला असतो आणि पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नसते. अशा ट्रॅक्टरची बॅटरी आणि सेल्फ दुरुस्त होईपर्यंत त्यावर पीटीओची अवजारे बदलू नयेत. अनेक जुन्या मॉडेलमध्ये नुसती चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, स्टॉपची दांडी ओढावी लागते. इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी, हँडब्रेक लावावा, अवजार जमिनीवर टेकवावे आणि शाफ्ट पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ३५ मिमी जाडीच्या शाफ्टवर एका सेकंदात सुमारे १ मीटर कापड गुंडाळले जाते, जाड नळीवर त्याहून जास्त. धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणे अडकले तर सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे आवरण नसलेला शाफ्ट मळणीला लावू नये.

सोडवताना

सपाट जागा निवडावी. पहिल्यांदा पीटीओ शाफ्ट काढावा, मग टॉप लिंक, त्यानंतर उजवी आणि शेवटी डावी लोअर लिंक. टॉप लिंकची पिन ताणात असेल तर ठोकण्याऐवजी टॉप लिंक फिरवून ताण कमी करावा.

योक अडकला असेल तर आधी लॉक पिन पूर्ण आत दाबली जाते का, हे पाहावे. माती व घट्ट झालेले ग्रीस डिझेलने धुवावे, गंज सोडवणारे तेल टाकून काही तास थांबावे. नंतर योक मागे ओढत बाजूने लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यावेत. शाफ्टच्या टोकावर घण मारू नये, कारण तो मार थेट आतल्या बेअरिंगवर बसतो. हाउसिंगला टेकवून पहारीने उचकटले तर ऑइल सील फाटते. एवढे करूनही योक निघाला नाही तर पुलर वापरावा. काढलेला शाफ्ट मातीत टाकू नये आणि ट्रॅक्टरच्या शाफ्टवर टोपी बसवावी.

जोडताना

खाचा मोजाव्यात. ३५ मिमीचा ६ खाचांचा शाफ्ट ५४० फेऱ्यांसाठी असतो. २१ खाचांचा शाफ्टही ३५ मिमीचाच असतो, पण तो १००० फेऱ्यांसाठी. अडॅप्टर लावून ५४० चे अवजार १००० वर चालवले तर त्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. मॅसी फर्ग्युसनच्या काही जुन्या मॉडेलमध्ये लिव्हरची आणखी एक जागा असते. त्या जागी पीटीओ चाकांच्या वेगाने फिरतो आणि ट्रॅक्टर मागे घेतला की उलटा फिरतो. लिव्हर त्या जागी नाही ना, हे पाहावे.

जोडणीचा क्रम उलटा: डावी लिंक, मग लेव्हलिंग क्रँक असलेली उजवी लिंक, मग टॉप लिंक आणि सर्वांत शेवटी शाफ्ट. खाचांवरचे खरखरीत कंगोरे बारीक कानशीने काढावेत, थोडे ग्रीस लावावे. पिन खोबणीत बसल्याचा आवाज येतो, तरीही योक जोराने मागे ओढून पाहावा. पिनऐवजी खिळा किंवा तार लावू नये.

शाफ्टची लांबी

दुसऱ्याचे किंवा जुने घेतलेले अवजार लावताना इथेच गफलत होते. शाफ्ट लांब असेल तर अवजार वर-खाली होताना दोन्ही नळ्या एकमेकींत टेकतात आणि सगळा दाब ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर येतो. सील वारंवार बदलूनही मागून तेल गळत असेल, तर मेकॅनिककडे जाण्याआधी शाफ्टची लांबी तपासावी.

त्यासाठी शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, दुसरा अवजाराला लावावा. ट्रॅक्टर व अवजारातील अंतर सर्वांत कमी असते ती स्थिती शोधावी, इंजिन बंद करावे, उचललेल्या अवजाराखाली भक्कम ठोकळे द्यावेत आणि मगच खूण करावी. त्या स्थितीत नळीच्या टोकाला किमान २५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. कापायचे असल्यास आतली व बाहेरची नळी आणि दोन्ही आवरणे सारखीच कापावीत, कडा घासून गुळगुळीत कराव्यात. दोन्ही टोके सर्वांत दूर असतानाही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीइतक्या राहाव्यात. तेवढ्या राहत नसतील तर तो शाफ्ट आखूड आहे, वापरू नये.

दोन्ही भाग पुन्हा जोडताना नळ्यांच्या टोकांचे आतले दोन्ही योक एकाच रेषेत ठेवावेत. ते तिरपे बसले तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर तुटतात. मळणी यंत्र ट्रॅक्टरच्या सरळ रेषेत उभे करून चाकांना दगड लावावेत. रोटाव्हेटर बांधावर उचलण्याआधी पीटीओ बंद करावा.

शिअर बोल्ट तुटला तर त्याच प्रतीचा घालावा. कडक बोल्ट घातला की तो वाचतो आणि गिअरचे दात जातात. क्रॉसना दर ८ तासांच्या कामानंतर ग्रीस द्यावे. पहिल्यांदा कमी वेगात काही मिनिटे चालवून पाहावे. थरथर जाणवली किंवा आवाज आला तर इंजिन बंद करून पिन आणि योकची रेषा पुन्हा तपासावी.