मडक्यातली चिठ्ठी

बालवाडीत प्रवेश देताना मुलाची मुलाखत घ्यावी की नाही, हा वाद आपल्याला शहरी शाळांचा आणि अलीकडचा वाटतो. पण बालशाळेचा इतिहास पाहिला तर एक गंमत दिसते. तिची सुरुवात कारखान्याच्या दारात झाली आणि तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. रॉबर्ट ओवेनने १८१६ साली स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे शाळा काढली, ती आपल्या सूतगिरणीतील कामगारांच्या मुलांसाठी. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले, तेही कष्टकऱ्यांच्या चाळीत. आईबाप कामावर गेले की मुले जिने आणि भिंती खराब करत, म्हणून ती कुठेतरी बसवावीत ही इमारतीच्या मालकांचीच गरज होती! मूल त्या इमारतीत राहते, एवढी पात्रता पुरे असे.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा हा विचार होता.

हे उलटे कसे झाले, ते पिंपरी-चिंचवडमध्ये नीट दिसते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग मोटारी आणि स्कूटर यांचे कारखाने आले. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या वर गेली. पालकांना हव्या असलेल्या शाळा या वेगाने वाढणे शक्य नव्हते. जागा थोड्या आणि उमेदवार फार झाले की कोणती तरी चाळणी लागते. ती चाळणी तीन वर्षांच्या मुलाला लावली गेली, कारण बालवर्गात शिरलेले मूल पुढे दहावीपर्यंत त्याच शाळेत राहते.

आता ही चाळणी काय मोजते? नुकतीच तीन वर्षे पूर्ण झालेले मूल ३६ महिन्यांचे असते. त्याच रांगेत ४७ महिन्यांचेही मूल उभे असते. फरक ११ महिन्यांचा, म्हणजे लहान मुलाच्या सगळ्या आयुष्याच्या जवळजवळ एकतृतीयांश! रंग ओळखणे आणि नाव सांगणे यांत मोठे मूल पुढे असणारच. त्यात बुद्धीपेक्षा जन्मतारीख अधिक बोलते. शिवाय झोपमोड झालेले मूल अनोळखी माणसापुढे तोंड उघडत नाही आणि तेच मूल दुसऱ्या दिवशी बडबड करते. प्रयोगशाळेत असे उपकरण कोणी वापरणार नाही. आईवडिलांची मुलाखत घेतली तर त्यांचे इंग्रजी आणि पगार मोजला जातो, मुलाचे काहीच नाही.

कायद्याला हे समजायला वेळ लागला. महाराष्ट्राने १९८७ मध्ये शाळा-महाविद्यालयांतील देणग्यांना बंदी केली. १९९३ मध्ये यशपाल समितीने बालवर्गाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, असे म्हटले. राज्यात बालवाडी प्रवेशांचे नियमन करणारा कायदा १९९६ चा. मुलाखतीला मनाई झाली खरी, पण 'सहज भेट' म्हणून पालकांना मुलासह बोलावणे काही ठिकाणी चालूच राहिले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने चाळणीची व्याख्याच केली: यादृच्छिक पद्धतीखेरीज निवडीची कोणतीही पद्धत म्हणजे चाळणी. तिच्यासाठी पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड ठरला, आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. मात्र हा कायदा ६ ते १४ वयाचा. त्यामुळे २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की राखीव २५ टक्के सोडून खासगी शाळांच्या उरलेल्या नर्सरी प्रवेशांना तो लागू होत नाही. ज्या वयात मुलाखत सर्वांत निरर्थक, नेमके तेच वय बाहेर राहिले.

यादृच्छिक म्हणजे चिठ्ठ्या. ही कल्पना आपल्याला परकी नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांसाठी नावे ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकत, आणि आतले काही ठाऊक नसलेल्या लहान मुलाला चिठ्ठी काढायला लावत. पण चिठ्ठ्या नीट ढवळायला हव्यात. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कुप्या काढल्या, तेव्हा त्या महिन्यांच्या क्रमाने भरून अपुऱ्या मिसळल्या होत्या. परिणामी वर्षअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे क्रमांक जास्त प्रमाणात आधी आले. पुढच्या वर्षी यादृच्छिक अंकांचे तक्ते वापरावे लागले. वर्गात हा प्रयोग सहज होतो. डब्यात १ ते ३० चिठ्ठ्या क्रमाने रचा, दोनदाच हलवा, दहा काढा आणि असे वीसदा करून पाहा.

उत्तरमेरूरच्या लेखात आणखी एक अट आहे. करपात्र जमीन असलेल्या आणि स्वतःच्या जागेवरील घरात राहणाऱ्याचेच नाव मडक्यात जाई. म्हणजे चिठ्ठी काढणारे मूल कितीही निरागस असले, तरी अर्धा निकाल आधीच लागलेला असे.

महाराष्ट्रात २५ टक्के जागांची सोडत ऑनलाइन निघते आणि शाळेपासूनचे अंतर त्यात मोजले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला ही अट नाही. शहरात अशी शाळा जवळ नसलेले ठिकाण शोधावेच लागेल, म्हणजे मडकेच रिकामे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला.

तरीही चाकण, निघोजे, महाळुंगे भागांत एक प्रश्न उरतो. इथला कंत्राटी कामगार बहुधा भाड्याच्या खोलीत राहतो. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा, तर तो नोंदणीकृत आणि अर्जाच्या आधीचा लागतो. करार नोंदवायला घरमालक सहसा राजी नसतो, आणि खोली तर वर्षा-दोन वर्षांनी बदलते. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादाही वर्षाला एक लाख, म्हणजे महिना सुमारे ८,३३३ रुपये. महिनाभर नियमित पाळी करणाऱ्याची मिळकत याच्या वर जायला वेळ लागत नाही. अशा घरातली मुले आपल्या शाळेच्या आसपास असतील, तर कागदपत्रांची यादी अर्ज निघाल्यावर लावून उपयोग नाही. ती दिवाळीच्या सुटीनंतर लगेच फलकावर हवी, म्हणजे करार नोंदवायला निदान काही आठवडे मिळतात.